नाझ्का लोकांची कापडं दोन हजार वर्षांनंतरही इतकी रंगीत कशी राहिली?

कोरड्या वाळूमुळे, आणि त्याखालोखाल लोकरीमुळे. हे प्राचीन लोक दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत, आणि तिथल्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही. मृतांसोबत तिथे पुरलेल्या कापडाला ना ओल लागली ना ऊन, त्यामुळे ते कुजलं नाही आणि विटलंही नाही. शिवाय रंगीत नक्षीसाठी हे कारागीर मुख्यतः अल्पाकासारख्या, म्हणजे उंटाच्या कुळातल्या प्राण्यांची लोकर वापरत. ती सुतापेक्षा रंग कितीतरी चांगला धरते. निळा रंग निळीचा, तांबडा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातलं इ.स. 100 ते 300 च्या सुमाराचं वस्त्र जरूर बघा. मधलं कापड सुती आहे, पण खरी करामत किनारीवर: सुईने लोकरीचे फासे एकमेकांत गुंफून घडवलेल्या 90 चिमुकल्या आकृत्या, त्यात नटलेली माणसं, प्राणी, पिकांची रोपंसुद्धा. इतकं बारीक हातकाम मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय.

एक मात्र ध्यानात ठेवा. बरीच कापडं थडगी लुटून बाहेर आली आहेत, म्हणून त्यांच्यावरचा ‘नाझ्का’ हा शिक्का अनेकदा फक्त शैली पाहून मारलेला असतो.