वीस गुंठ्यांच्या आधी दुसरी गाडी

राधानगरी तालुक्यातून न्यूझीलंडला गेलेल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. दीड वर्षापूर्वी ते पत्नी आणि दोन मुलांसह साउथलंड प्रांतात, इन्व्हरकार्गिलपासून ४० किलोमीटरवरच्या एका डेअरी फार्मवर कामाला गेले. त्यांचा प्रश्न असा: "पन्हाळ्याच्या पायथ्याला २० गुंठे जमीन १६ लाखांना मिळते आहे. माझ्याकडे इकडे आठ लाखांची ठेव आहे, उरलेल्या आठ लाखांचे कर्ज काढावे का? परत आल्यावर गोठा घालायचा आहे."

सप्रेम नमस्कार.

जमिनीचे उत्तर लगेच देतो, कारण त्यात निवडीला जागाच नाही. तुम्ही नोकरीसाठी परदेशी गेलात त्या दिवसापासून परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने तुम्ही अनिवासी आहात, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र शेतजमीन मिळू शकते, त्यामुळे वडिलांची जमीन पुढे तुमच्याकडे येण्यात अडचण नाही. सौभाग्यवतींच्या नावावर घेण्याचा मार्गही बंद आहे, कारण त्याही अनिवासीच आहेत. राहिला दलालाने सुचवलेला वडिलांच्या नावाचा उपाय. तुम्ही वडिलांना पैसे खरोखर भेट दिलेत तर जमीन त्यांची होईल आणि पुढे तिच्यात तुमच्या भावाबहिणींचाही वाटा येईल. "नाव त्यांचे, जमीन माझी" असे मनात ठेवून घेतलीत, तर तो व्यवहार बेनामी ठरू शकतो. दलालाला त्याची दलाली मिळेल, पुढचे निस्तरायला तुम्हीच उराल. हा विषय येथेच सोडा.

आता पत्रातल्या त्या दोन वाक्यांकडे येतो, जी तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. पहिले: "मालक पुढच्या हंगामापासून फार्म शेअरमिल्करला देणार अशी चर्चा आहे, पण आमचे काम चालूच राहील असे वाटते." दुसरे: "पत्नीला गाडी येत नाही, त्यामुळे दुधाचा टँकर येऊन गेला की दिवसभर तिला माणूस दिसत नाही."

पहिल्या वाक्यातल्या "असे वाटते" या शब्दांवर तुम्ही चार माणसांचा संसार उभा केला आहे. शेअरमिल्कर म्हणजे आपल्याकडच्या वाटेकऱ्यासारखाच, फक्त वाटा पिकातला नसून दुधाच्या उत्पन्नातला असतो. तो येताना अनेकदा आपली माणसे घेऊन येतो. न्यूझीलंडच्या दूधधंद्याचे वर्ष १ जूनला बदलते आणि त्या दिवशी वाटेकरी व कामगार जनावरे-सामानासह एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातात, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. तुमचे घर फार्मचे आहे. नोकरी संपली की असे नोकरीसोबतचे घर सोडण्यासाठी मिळणारी नोटीस अवघी १४ दिवसांची असू शकते. तुमचा कामाचा व्हिसाही त्याच मालकाशी बांधलेला आहे, आणि मालक बदलायचा तर आधी नव्याने परवानगी घ्यावी लागते. पगार, घर आणि देशात राहण्याचा आधार ही तिन्ही एकाच खुंटीला टांगलेली असताना, तुमच्या तिकडच्या खात्यात, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, २,२०० न्यूझीलंड डॉलर आहेत.

हिशेब मांडून पाहा. बाहेर घर भाड्याने घ्यायचे आणि आठवड्याचे भाडे ४०० डॉलर धरले, तर चार आठवड्यांची अनामत १,६०० आणि दोन आठवड्यांचे आगाऊ भाडे ८०० असे २,४०० डॉलर पहिल्याच दिवशी मागितले जाऊ शकतात. किल्ली हातात येण्यापूर्वीच दोनशे डॉलर कमी पडतात, आणि त्या घराचा किराणा अजून आलेला नाही.

पैसे कमी का, तर तुम्ही ते साठू देत नाही म्हणून. घरभाडे वजा होऊन हाती ३,९०० डॉलर येतात, त्यातले २,००० घरखर्चाला जातात आणि १,८०० कोल्हापूरला येतात. डॉलर ५० रुपयांचा धरला तर हे ९० हजार होतात. त्यातून तुमच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता ४२ हजार, आईवडिलांना १५ हजार आणि विम्याच्या वार्षिक हप्त्यासाठी २५ हजार बाजूला पडतात. आईवडिलांचे १५ हजार तसेच राहू द्या. वडिलांना दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी मिळत असले, तरी त्यातले बरेचसे पशुखाद्यात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाकीच्या दोन रकमांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे.

निघण्याच्या महिनाभर आधी तुम्हाला विकलेल्या पॉलिसीचे कागद मी वाचले. दहा वर्षे दरसाल तीन लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ६० लाख घ्यायचे, याला विक्रेत्याने "हमखास दुप्पट" म्हटले आहे. हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. तेच हप्ते साडेसहा टक्क्यांनी वाढत राहिले तर ८० लाखांच्या आसपास होतात. विम्याचे संरक्षण आहे अवघे ३० लाख, आणि तुमच्यावर कर्ज आहे ४२ लाख. म्हणजे उद्या काही विपरीत घडले तर त्यातून कर्जसुद्धा फिटणार नाही. परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या घाईचा फायदा घेऊन असे कागद पुढे सरकवले जातात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. दोन हप्ते, म्हणजे सहा लाख, भरून झाले आहेत. समजा त्यातले निम्मे बुडाले, तरी परत मिळालेले तीन लाख आणि वाचलेले आठ हप्ते साडेसहा टक्क्यांनी विसाव्या वर्षापर्यंत ७० लाखांजवळ जातात. म्हणून तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून आज पॉलिसी मोडल्यास किती मिळेल आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती कमी रकमेवर चालू ठेवल्यास, किती मिळेल हे दोन्ही आकडे लेखी मागवा. त्याआधी दोन कोटींचा साधा मुदत विमा, म्हणजे फक्त संरक्षण देणारा टर्म प्लॅन, घ्या. तो हाती आल्याशिवाय जुना सोडू नका.

फ्लॅटचे भाडे वर्षाला एक लाख ६८ हजार येते आणि कर्जाचे नुसते व्याज साडेतीन लाखांच्या वर जाते. आईवडील तेथे राहायला येणार नसतील तर तो विकावा असे माझे मत आहे. अनिवासी विक्रेत्याची करकपात मोठी असते, म्हणून ती कमी करण्याचा आयकर खात्याचा दाखला व्यवहाराआधी मिळवा.

आता दुसरे वाक्य. बी.कॉम. झालेली आणि कोल्हापुरात पतसंस्थेचे हिशेब सांभाळलेली स्त्री, तिच्या व्हिसावर कामाची मुभा असताना, केवळ गाडी नाही म्हणून दीड वर्ष घरात आहे. तिकडच्या खेड्यात दर तासाला सुटणारी एस.टी. नाही, शाळा, दवाखाना, दुकान सगळे गाडीच्या अंतरावर. त्यांना चांगल्या शिक्षकाकडून गाडी शिकवा. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी आहे, तेवढे सोपे जाईल. तिसऱ्या हप्त्याचे तीन लाख म्हणजे सहा हजार डॉलर, त्यात बरी जुनी गाडी येते. किमान वेतन तासाला २३ डॉलरच्या वर आहे. त्यांनी आठवड्याला वीस तास काम केले, मग ते गावातल्या एखाद्या कार्यालयातले असो की ऑगस्टमध्ये वासरांना दूध पाजण्याचे, तरी कर जाऊन ४०० डॉलर, म्हणजे आपले २० हजार रुपये मिळतील. फ्लॅटच्या वर्षभराच्या भाड्याइतके पैसे सौभाग्यवती नऊ आठवड्यांत मिळवतील आणि गाडी चार महिन्यांत फिटेल. शिवाय हे उत्पन्न तुमच्या मालकाच्या निर्णयावर अवलंबून नसेल. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी एकही प्रश्न नव्हता, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

आठ लाखांची ठेव म्हणजे १६ हजार डॉलर. ही तुमची अडीअडचणीची शिल्लक आहे, तिला हात लावू नका. मात्र ती चुकीच्या खात्यात आहे. परदेशी गेल्यावर जुने बचत खाते आणि ठेव अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ, करून घ्यायला हवी होती. ते आता लगेच करा. निम्मी रक्कम तुम्ही तिकडून पाठवलेली आहे. तीच एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवण्याच्या अनिवासी, खात्यात आली असती तर व्याज येथे करमुक्त झाले असते आणि पैसे परत नेणेही सोपे गेले असते. एनआरओवरील व्याजातून ३१.२ टक्के कर कापला जाईल आणि जास्तीचा परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागेल. यापुढे पाठवाल ती बचत एनआरईतच पाठवा. "एनआरईवर जन्मभर कर नाही" हे विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्यांना बाहेरच्या बहुतेक उत्पन्नावर साधारण चार वर्षे सूट असते, त्यानंतर तेथील कर लागू होतो. तुमची अडीच वर्षे उरली आहेत.

वरची सगळी कामे महिनाभर थांबली तरी चालतील, मालकाशी बोलणे मात्र थांबणार नाही. पुढच्या हंगामाच्या नेमणुका तिकडचा उन्हाळा संपण्याच्या सुमारास ठरू लागतात, म्हणून १ जूननंतर तुम्हाला ठेवणार की नाही, घर राहणार की नाही, आणि नवा शेअरमिल्कर तुमच्या व्हिसासाठी मालक म्हणून उभा राहू शकतो की नाही, हे तीन प्रश्न या आठवड्यातच लेखी विचारा. उत्तर आले की मला कळवा. ते "नाही" असेल तर आठ लाखांतले किती आणि कधी तिकडे न्यायचे, याचा हिशेब मी त्याच दिवशी करून देईन.