माणसाच्या हाताच्या जोराशिवाय चालणारी पहिली पाणबुडी कोणती आणि तिचं पुढे काय झालं?

फ्रेंच नेव्हीची प्लाँजर. 1863 मध्ये फ्रान्समधल्या रोशफोर बंदरात पाण्यात उतरवली, डिझाइन बूर्जवा आणि ब्रून या दोघांचं. त्याआधीच्या पाणबुड्या माणसं हाताने दांडा फिरवून चालवायची, हिच्यात इंजिन होतं पण तेही दाबलेल्या हवेवर! त्या हवेच्या 23 टाक्यांनीच बोटीतली बरीचशी जागा खाल्ली म्हणून लांबी 40 मीटरच्या वर गेली, आणि एवढं करून ती जायची किती लांब तर जेमतेम 5 सागरी मैल (सुमारे 9 किमी), तेही 4 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 7 किमीने. शस्त्र म्हणजे पुढे लांब दांड्याच्या टोकाला लावलेला स्फोटक टॉर्पेडो. माझ्या मते सगळ्यात भारी भाग म्हणजे वर बसवलेली छोटी लाइफबोट, 12 जणांसाठी, 1863 साली एवढा विचार केलेला.

खरी बोंब पाण्याखाली व्हायची, खोली एकसारखी राहायचीच नाही, कधी नाक खाली तर कधी शेपूट, सी-सॉच जणू. शेवटी 1872 च्या सुमारास नेव्हीने नाद सोडला आणि तिला चक्क पाणी वाहणारा टँकर करून टाकलं, आणि गंमत बघा, या कामात ती 1930 च्या दशकापर्यंत टिकली की राव!