सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आहे. स्कॅनरवर पी ०११३ कोड येतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर गेलाय. गाडी तर नीट चालते. मल्टिमीटर आणि मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर माझ्याकडे आहे. घरी खात्री करता येईल का?

उत्तर : येईल, आणि करूनच घ्या. या कोडचा अर्थ एवढाच, की त्या सर्किटवर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज जास्त दिसतंय. सेन्सर आतून तुटला तरी हा कोड येतो, वायर तुटली तरी येतो. एअर फिल्टर बदलताना काढलेला कनेक्टर परत लावायचा राहिला, तरीही येतो. हे तर मी कितीदा पाहिलंय! गाडी नीट चालते, कारण असा कोड आल्यावर बरेच ईसीयू एक ठरावीक तापमान धरून काम भागवतात.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर हवेचं व कूलंटचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या आसपास हवीत. हवेचा आकडा उणे ४० असेल, तर सर्किट कुठेतरी तुटलंय.

आता ते कुठे, ते शोधू. कनेक्टर काढा, गंजलेली किंवा वाकलेली पिन आहे का बघा. इग्निशन ऑन ठेवून गाडीकडच्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. साधारण ५ व्होल्ट हवेत. नसतील, तर दोष वायरिंगकडे किंवा ईसीयूकडे आहे; नवा सेन्सर आणून काही होणार नाही. ५ व्होल्ट असतील, तर त्याच दोन टोकांना क्षणभर वायरचा तुकडा जोडा. स्कॅनरवरचा उणे ४० एकदम शंभराच्या वर उडाला, तर वायरिंग ठीक आहे. पण हा प्रयोग फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर. कनेक्टरला चार-पाच वायरी असतील, तर तापमानाचा सेन्सर दुसऱ्या सेन्सरच्या पोटात आहे. तिथे वायरिंगचा नकाशा हातात नसताना काहीही जोडू नका.

शेवटी सेन्सर काढून ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास भरतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मी मात्र आकड्यापेक्षा चाल बघतो. हेअर ड्रायरची गरम हवा द्या. ओहम सावकाश, न अडखळता उतरले पाहिजेत आणि गार होताना तसेच चढले पाहिजेत. मध्येच उडी मारली, जागचे हललेच नाहीत किंवा मीटरने सर्किट उघडं दाखवलं, तर खुशाल बदला. लायटर मात्र लावू नका, प्लॅस्टिक वितळेल.

सेन्सर चांगला निघाला, तर तो परत बसवून कनेक्टर लावा, कोड पुसा आणि स्कॅनरकडे बघत वायरींचा जुडगा हलवा. आकडा जिथे नाचेल, तिथली वायर सोलून बघा.