‘फक्त खर्रा’ खाणाऱ्या मुलाचं तोंड किती उघडतं, ते आधी बघा

ताई, मुलाला यवतमाळहून नागपूरला इंजिनिअरिंगला पाठवलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या जीन्समध्ये खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी (प्लास्टिकची पुडी) सापडली. तो म्हणतो, ‘फक्त खर्रा, सगळेच खातात, कधी शनिवारी मित्रांसोबत बिअर.’ कॉलेज सोडवून घरी आणू का, असं तुम्ही विचारलंय. आणू नका. खर्रा यवतमाळातही प्रत्येक चौकात मिळतो.

मी दातांचा डॉक्टर आहे. आपल्या विदर्भात बाटली सापडली की घर हादरतं, खर्र्याकडे मात्र कानाडोळा होतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात, आणि पोरं तो माल तासन् तास गालात धरून बसतात. सुपारीतल्या अरेकोलिन या रसायनाने गालाचं आतलं अस्तर हळूहळू पांढरट, कडक होत जातं. आधी तिखटाने आग होते, मग तोंड उघडेनासं होतं. विशीतली मुलं ‘पाणीपुरी तोंडात जात नाही’ म्हणत येतात, तेव्हा जीव तुटतो. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतोच. ‘तंबाखू सोडतो, नुसती सुपारी खातो’ हेही चालणार नाही, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे.

त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा. जात असली तरी एकदा तपासून घ्याच.

सोडायचा दिवस त्यालाच ठरवू द्या, फक्त परीक्षेच्या तोंडावर नको. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही; दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण तोंड आखडलं असेल तर चघळणं जड जातं. डॉक्टरांना त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. तो फोन त्याने स्वतः करावा.

बिअरचं म्हणाल तर महाराष्ट्रात २१ वर्षांखाली तीही बेकायदेशीर आहे, हे त्याला सांगा. रोज पिणं सुरू झालं असेल तर मात्र एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गांजाचं निघालं तरी पोलिसांच्या भीतीने लपवू नका. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे.

आणि ताई, हे सगळं फोनवर नको. या रविवारी नागपूरला या, त्याला जेवायला बाहेर न्या आणि मित्रांसमोर पन्नीचा विषय काढू नका. तपासणीला सोमवारी तुम्ही सोबत असलात तर तो टाळाटाळ करणार नाही.