वय ६४, युगांडाची तयारी

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका, जुळे सोलापुरात राहते. युगांडात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचंय. मधुमेह, रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात आहेत. वैद्यकीय मंजुरी मिळेल का?

उत्तर : सिस्टर, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांच्या गावातून असं पत्र आलं, फार आनंद झाला. नुसत्या आजारामुळे सहसा अडत नाही. तो स्थिर आहे का, तिथे औषधं मिळतील का, हे पाहतात. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांचे जुने-नवे अहवाल जोडा. काही लपवू नका. दातही आत्ताच दाखवून घ्या. युगांडाला पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा दाखला लागतो. तो लस टोचल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतो. मात्र साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी तुमच्या फिजिशियनशी सविस्तर बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.