घाटात बसणारी जीप, न पेटणारा टीएमबी

वाचकांचे प्रश्न : जुन्या लष्करी गाड्या आणि ट्रक

प्रश्न : घरची जीप १९५०च्या सुमारास लष्कराच्या लिलावातून घेतलेली आहे. सगळे तिला 'महायुद्धातली विलीज' म्हणतात. खरंच तशी आहे का, हे कसं ओळखायचं? (सातारा)

उत्तर : बॉडीवर जाऊ नका. एवढ्या वर्षांत जीपची बॉडी दोनदा तरी नव्या पत्र्याची होते. खरं बोलते ती चेसिस. पण त्याआधी उभ्याउभ्या होणारी तपासणी करून घ्या. पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी सीजे मालिकेला सात. ड्रायव्हरची गादी उचलून पेट्रोल भरावं लागत असेल, मागे उघडणारं फळकं नसेल, आणि हेडलाइट सोडवून मागे उलटे करून इंजिनावर उजेड पाडता येत असतील, तर आशा धरायला हरकत नाही.

मग बॉनेट उघडा. इंजिनच्या डोक्यावर टॅपेट कव्हर दिसलं तर ते एफ-हेड, म्हणजे १९५३मध्ये आलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बीचं. महिंद्रानं पुढे कित्येक वर्षं हीच जीप बनवली, त्यामुळे आपल्याकडे 'मिलिटरी विलीज' म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ गाड्या प्रत्यक्षात ३बी असतात. युद्धातल्या 'गो-डेव्हिल' इंजिनाचं डोकं सपाट असतं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. दोन्ही इंजिनं २,१९९ सीसीची, दोघांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून गॅरेजमध्ये गोंधळ होतो. टॅपेटची फट मात्र वेगळी. गो-डेव्हिलला थंड इंजिनावर सगळीकडे ०.०१४ इंच. एफ-हेडला इनलेट ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की टकटक तरी येते, नाहीतर व्हॉल्व्ह जळतो.

आता विलीज की फोर्ड? युद्धकाळात हीच जीप दोन्ही कंपन्या बनवत. रेडिएटरखाली चेसिसच्या दोन्ही दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा पाहा. गोल पाइप असेल तर विलीज एमबी, उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डनं बोल्टच्या डोक्यांवर 'एफ' अक्षर ठोकलेलं असे, पण बोल्ट या गाडीतून त्या गाडीत फिरतात, चार 'एफ' सापडले म्हणून गाडी फोर्ड होत नाही. चेसिस नंबर विलीजला डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या लगेच मागे, रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. फोर्डनं तो डाव्या दांडीच्या वरच्या अंगावर ठोकला आहे. गंज काढायला रॉकेल आणि पितळी ब्रश वापरा. ग्राइंडर लावलात तर गंजाबरोबर नंबरही जाईल. चेसिस फोर्डची आणि इंजिन विलीजचं निघालं तर कुणी फसवलं असं समजू नका. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसावेत अशीच ती रचना होती, आणि लष्करी वर्कशॉप हाताला येईल ते इंजिन चढवत.

प्रश्न : आमची सीजे-३बी आंबा घाटात हमखास बंद पडते. अर्धा तास थांबलं की मुकाट सुरू होते. दोन पेट्रोल पंप बदलून झाले. (कोल्हापूर)

उत्तर : पंप बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायला हवं होतं. या लक्षणाची तीन कारणं असतात आणि तिन्ही थंड झाल्यावर आपोआप नाहीशी होतात, म्हणूनच गॅरेजमध्ये काही सापडत नाही. तपासणी गाडी बंद पडलेल्या जागीच, गरम असताना, याच क्रमानं करा.

पहिलं, टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत खेचली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. पेट्रोल जातं तसं टाकीत पोकळी वाढते आणि पंपाला खेचवत नाही. बारीक तारेनं भोक साफ करा, खर्च शून्य. मूळ झाकण हरवून बिनभोकाचं बसवलेलं असेल तरी हेच होतं.

दुसरं, स्पार्क. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरा, पकड रबरी हवी, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडाडणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक दोरा दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन मान टाकतोय. आधी कंडेन्सर बदला, स्वस्त तोच आहे. हल्ली नव्या डब्यातलेही खराब निघतात, म्हणून चालू स्थितीतला जुना काढलेला कंडेन्सर फेकू नका, गाडीत ठेवा.

तिसरं, पेट्रोल. ही तपासणी स्पार्कच्या नंतरच, वायर पुन्हा घट्ट बसवून. कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरा, एक्झॉस्टपासून लांब, आणि सेल्फ मारा. दमदार पिचकाऱ्या यायला हव्यात. फसफस, बुडबुडे आणि मधूनच थेंब येत असेल तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली आहे. पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांत सुरू झाली तर खात्रीच.

वाफ पंपाच्या अलीकडच्या पाइपमध्ये होते. पंप खेचतो तिथे दाब कमी असतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाच उकळतं. म्हणून तो पाइप टाकीपासून पंपापर्यंत हातानं चाचपत जा. बॉडी नवी करताना पाइप बहुधा सोयीच्या रस्त्यानं, म्हणजे सायलेन्सरला खेटून, नेलेला असतो. एक्झॉस्टपासून किमान वीतभर अंतर ठेवा. जागा नसेल तिथे काचधाग्याची नळी चढवा. मग टायमिंग पाहा. इग्निशन मागे पडलेलं असेल तर जाळ सिलिंडरमध्ये संपण्याऐवजी मॅनिफोल्डमध्ये जातो आणि बॉनेटखालचा भाग भट्टी होतो. टीडीसीआधी (म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याआधी) ५ अंश, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच. पॉइंट आधी, टायमिंग नंतर, कारण पॉइंटची फट हलली की टायमिंगही हलतं.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम त्यात फुगतो, मऊ होतो. रबरी तुकडे एसएई जे३० आर९ शिक्क्याचे घ्या, डायफ्रॅमही इथेनॉल चालणारा मागा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते.

टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो खेचत नाही, ढकलतो, त्यामुळे वाफेच्या दोषावर उपाय होतो खरा. पण दाब ३ पीएसआयच्या वर गेला की फ्लोटची सुई दबते आणि कार्बोरेटर वाहू लागतो, तोही गरम इंजिनवर. वरचं सगळं करून झाल्यावरच त्याचा विचार करा.

प्रश्न : सहा व्होल्टची जीप आहे, सेल्फ दमल्यासारखा फिरतो. बारा व्होल्ट करून टाकू का? (नाशिक)

उत्तर : बहुतेक वेळा दोष सहा व्होल्टचा नसतो, वायरचा असतो. तेवढंच काम करायला सहा व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, आणि बाजारात मिळणारी तयार बॅटरी-वायर बारा व्होल्टच्या हिशेबाची असते. किमान ५० चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घाला. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थची पट्टी नवी लावा, तिच्याखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मधला कुठलातरी सांधा व्होल्ट खातोय. तसंच मायनस खुंट आणि सेल्फची बॉडी यांच्यात मोजा. काडी खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नको, कारण बऱ्याचदा खराब सांधा तोच असतो.

बारा व्होल्ट केलंत तर कॉइल, बल्ब, डायनामो, कटआउट, मीटर सगळं बदलावं लागतं. जुना सेल्फ बारावर चालतो, पण इतक्या जोरात उडी घेतो की फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तोडतो.

प्रश्न : एमबी जीपचं डावीकडचं मागचं चाक निघत नाही. पाइप लावून जोर केला तर एक स्टड तुटला. (सोलापूर)

उत्तर : नट उलट्या दिशेनं फिरवलात. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ते सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचे. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर दिसतं का पाहा. अनेक जुन्या ट्रकांनाही असंच असतं.

त्याहून महत्त्वाचं. लष्करी चाक दोन अर्धुकांचं असेल तर त्यावर नटांचे दोन फेरे दिसतील. आतले पाच चाक हबला धरतात. बाहेरचा फेरा रिमची दोन अर्धुकं एकमेकांना धरून ठेवतो. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या फेऱ्यातला एकही नट सैल करू नका. अर्धुक तोफगोळ्यासारखं सुटतं. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढा, त्या भोकातून तार घालून ते बुजलेलं नाही हे पाहा, मग पाना लावा.

ट्रकच्या लॉक-रिंगवाल्या चाकांनाही हाच नियम, तोही चाक गाडीवरून उतरवण्याआधी. मागे जोडचाकं असतील तर दोन्हींची हवा सोडा, कारण आतल्या चाकाची रिंग तडकलेली असली तर नट सुटताच ती उडते. रिंग गंजून पातळ झाली असेल, वाकली असेल किंवा दुसऱ्या रिमची असेल, तर ती भंगारात घाला. हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळा, लांब नळी वापरा, रिंगच्या समोर उभे राहू नका. आणि बसत नाही म्हणून भरलेल्या चाकाच्या रिंगवर हातोडा मारू नका, मग पंक्चरवाला कितीही अनुभवी असो.

जॅक लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं चाक ब्रेक ओढलेला असतानाही फिरू शकतं आणि जीप जॅकवरून उतरते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा. ओढून नेण्यासाठी मागचा शाफ्ट काढला असेल तर हँडब्रेक नाहीच असं धरा.

प्रश्न : जुना टाटा-मर्सिडीज (टीएमबी) ट्रक थंडीत पेटत नाही. डॅशवरची हीटरची तार लाल होत नाही. (जुन्नर)

उत्तर : या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, आणि थंडीत ती कोठडी ग्लो-प्लगनं तापवावी लागते. प्लग एकामागोमाग एक, माळेत जोडलेले असतात. एक तुटला की सहाही मेले. डॅशवरची तार त्याच माळेत आहे, म्हणून तीही काळी राहते. हीटर चालू ठेवून टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला लावा आणि दुसरं प्लगमागून प्लगला लावत जा. ज्या प्लगच्या एका खुंटाला दिवा लागतो आणि दुसऱ्याला विझतो, तोच तुटलेला. उलट तार नेहमीपेक्षा झटकन आणि पांढरट पेटत असेल तर एखादा प्लग काजळीनं शॉर्ट झालाय. तो काढून साफ करा, भोकातली काजळीही काढा.

प्लग चालतो का पाहायला सरळ बॅटरीला जोडू नका. माळेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन व्होल्टच्या आसपासच येतात, बारा दिले की क्षणात जळतो. आणि नव्या गाडीचा पेन्सिल-प्लग या माळेत चालत नाही.

तार लाल होऊनही पेटत नसेल तर पाइपनं हवा घेतली असेल. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचं हातपंपाचं बटण मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग मुख्य पंपाच्या स्क्रूवर तेच. शेवटी नोझलकडचे दोन-तीन नट सैल करून सेल्फ मारा. पुन्हा पुन्हा हवा घेत असेल तर गळती टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये शोधा. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते, म्हणून डाग दिसत नाही.

प्रश्न : जोंगाला (लष्कराच्या जुन्या निसान जीपला) डिझेल इंजिन बसवून 'व्हिंटेज' नोंदणी करता येईल का? रंग ऑलिव्ह ग्रीनच ठेवायचा आहे. (पुणे)

उत्तर : दोन्हींना नाही. जुलै २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. जोंगाचं ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरी निसान पेट्रोल इंजिन पितं खूप, हे मान्य. पण ते काढलंत की हा रस्ता बंद. ५० वर्षं कारखान्यातून निघाल्यापासून मोजत नाहीत, हेही कागद वाचताना लक्षात ठेवा. अर्ज नमुना २० मध्ये, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यानंतरचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी, ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांना. ट्रकवाल्यांनी ऐकून ठेवावं : ही सोय दुचाकी आणि खासगी चारचाकींपुरती आहे, मालवाहू गाड्या तिच्यात येत नाहीत. ही त्रुटीच म्हणायची.

रंगाचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. वाळूचा रंग किंवा राखाडी घ्या. आरसीवर लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग एकच हवा.

प्रश्न : फारगो आणि डॉज हे वेगळे ट्रक होते का? फारगोचे भाग मिळत नाहीत. (मुंबई)

उत्तर : एकच ट्रक. क्रायस्लर तोच माल वेगवेगळ्या विक्रेत्यांमार्फत डॉज, फारगो, डिसोटो अशा नावांनी विकत असे, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्येही हेच चाललं. फरक मुख्यतः पुढच्या नावपट्टीचा. तेव्हा भंगार बाजारात 'फारगोचं' विचारू नका, जुना भाग हातात घेऊन जा आणि डॉजच्या ढिगात शोधा. हबचा बेअरिंग किंवा ऑइल सील हवं असेल तर त्यावर कोरलेला नंबर उतरवून बेअरिंगच्या दुकानात जा. तिथे गाडीचं नाव सांगायची गरजच पडत नाही.