आईचं रक्त आईलाच

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या एकाच वेळी बदलायच्या ठरल्या होत्या. आजवर तिचं रक्त 'ओ पॉझिटिव्ह' समजत होतो, पण आता रक्तपेढी म्हणते की 'बॉम्बे ग्रुप' आहे. डॉक्टर म्हणतात, तिचंच रक्त तिला परत देता येईल. शेजारच्या काकू म्हणतात, अंगाबाहेर बाटलीत साठलेलं रक्त नासकंच की! काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी रक्तपेढीतल्या त्या तंत्रज्ञाला मनापासून नमस्कार. बॉम्बे गटाचं रक्त वरवर 'ओ'च दिसतं. पण खरं ओ रक्त चढवलं तर अंगातच त्याच्या लाल पेशी फुटून जिवावर बेतू शकतं. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला, म्हणून हे नाव. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, आणि आपल्याकडे असा माणूस साधारण दहा हजारांत एक सापडतो.

आता काकूंचा मुद्दा. मी तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली बरीच वर्षं गुडघ्यांच्या ऑपरेशनांत गेली. काकू अगदीच चूक नाहीत. ऑपरेशननंतर गुडघ्यातल्या नळीतून बाटलीत जमलेलं रक्त गाळून परत देतात, पण जमायला सुरुवात झाल्यापासून सहा तासांच्या आत. एकदा रात्री बाटलीत चांगलं चारशे मिली रक्त होतं, पण ती कधी जोडली हे कुणी लिहिलंच नव्हतं. ड्युटी बदलली होती, जो तो दुसऱ्याकडे बघतोय. मी ते फेकून द्यायला लावलं. हात जड झाला, पण इलाज नव्हता. तेव्हापासून माझ्या खिशात मार्कर असे, आणि बाटलीवर वेळ मीच लिहीत असे.

दुसरा प्रकार मशीनचा. शोषलेलं रक्त त्यात गरगर फिरवून सलाईनने धुतात आणि फक्त लाल पेशी परत देतात. खुब्याच्या किंवा दुसऱ्यांदा करायच्या ऑपरेशनात याचा मोठा आधार असतो. गुडघ्यात मात्र मांडीला पट्टा आवळलेला असतो, त्यामुळे टेबलावर रक्त फारसं जातच नाही, मग मशीन धुणार काय? खरा स्राव नंतर होतो, आणि त्यातला बराचसा सांध्यात नि आसपास मुरतो, बाटलीत येतच नाही.

म्हणून आईसाठी माझी भिस्त तिसऱ्या वाटेवर आहे : आधीच रक्त काढून ठेवणं. हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल तर आठवड्याच्या अंतराने एक-दोन पिशव्या काढतात. त्या ३५ दिवस टिकतात. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी. इतर रोग्यांना मी हे सुचवत नाही, कारण दर पिशवीमागे हिमोग्लोबिन साधारण एकाने उतरतं आणि माणूस टेबलावर येतो तोच फिकट होऊन. बॉम्बे गटात गणित उलटं होतं. पिशवी आईचीच असली तरी चढवण्याआधी नाव नि नंबर पाहायलाच लावा. आपल्या माणसाची पिशवीसुद्धा बदलू शकते.

पण याच्याही आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असेल तर ते भरून निघेपर्यंत तारीख पुढे ढकला, गुडघे पळून जात नाहीत. दोन्ही गुडघे एकाच दिवशी नकोत, एकेक करा. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणार का, हे सर्जनना विचारा. जपानच्या ओकामोटो दांपत्याने शोधलेलं हे स्वस्त औषध मी वापरू लागलो, तेव्हा रक्तपेढीत माझे फोन निम्म्याने कमी झाले. रक्ताची गाठ, पक्षाघाताचा झटका किंवा हृदयाचा त्रास आधी झाला असेल तर मात्र ते आवर्जून सांगा.

आणि हो, मामा-मावश्यांना फोन करा. सख्ख्या भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारांत एक असते. त्यांच्यापैकी कुणी 'ओ' म्हणून रक्तदान करत असेल, तर त्यांनाही आजच कळवा.